आडवे आणि उभे

कन्हानच्या आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रे सकाळीच येतात; परंतु त्यांतील शब्दकोड्याला संध्याकाळी पाचपर्यंत कोणीही हात लावू नये, असा एक अलिखित नियम आहे. मागे एका नवख्या तरुणाने तो मोडला. दुपारच्या वेळी एकटाच बसून त्याने सगळे कोडे भरून टाकले, आणि तेही शाईने! संध्याकाळी आम्ही मंडळी आलो आणि भरलेल्या चौकोनांकडे पाहून, पंगतीला उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखे खिन्न झालो. त्या तरुणाला कोणी शब्दाने बोलले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून ग्रंथपाल ते पान आपल्या टेबलाच्या खणात ठेवू लागले.

आम्ही चौघे-पाच जण रोज जमतो. त्यांतल्या दोघांची ओळख येथे करून दिली पाहिजे, कारण वाद त्यांचाच आहे. एक आमचे तारबाबू. उभा जन्म तारखात्यात गेला. तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडत, त्यामुळे शब्द वाया घालवणे त्यांना अजूनही सोसत नाही. २०१३ च्या जुलैमध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली, त्या दिवशी ते वाचनालयात आले नव्हते. दुसरे भाऊ. हे गोंडेगावच्या कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाले. शाळा चौथीत सुटली. पुढचे वाचन त्यांनी पाळी संपल्यावर, दुकानांच्या पाट्यांपासून पोथ्यांपर्यंत, जे हाती लागेल त्यावर केले. तारबाबूंचे म्हणणे असे, की कोडे कठीणच असले पाहिजे; जे चहाचा पेला रिकामा होण्याच्या आत सुटते ते कोडे नव्हे, तो हजेरीपट. भाऊंचे म्हणणे याच्या नेमके उलट. वर्तमानपत्राला पैसे सगळे सारखेच देतात, मग त्यातला एक कोपरा दोघा-चौघांसाठीच का राखून ठेवायचा, असे ते विचारतात. गेली सहा वर्षे हा वाद चालू आहे आणि दोघांपैकी एकही तसूभर हललेला नाही.

हा वाद काही कन्हानच्या काठी जन्मलेला नाही. शब्दकोडे मुळात परदेशी पाहुणे आहे. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्राच्या रविवारच्या अंकात ते पहिल्यांदा छापले. त्याचा आकार पतंगासारखा होता आणि त्यात काळे चौकोन नव्हते. दहा-अकरा वर्षांत अमेरिकेला त्याचे वेड लागले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९२४ साली या वेडाची थट्टा केली, आणि पुढे १९४२ साली स्वतःच कोडे छापावयास सुरुवात केली. आता तेथे सोमवारचे कोडे सर्वांत सोपे आणि पुढे वाराबरोबर चढत जाऊन शनिवारचे सर्वांत अवघड, असा क्रम आहे. इंग्लंडची तऱ्हा निराळी. तेथे गूढ सूचनांचे कोडे रुजले. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचणाऱ्या एका कवीने स्वतःस ‘टॉर्क्वेमाडा’ म्हणवून घेतले. हे नाव स्पेनमधील एका क्रूर धर्मन्यायाधीशाचे! त्याच्यानंतर आलेल्या गृहस्थांनी ‘झिमेनेझ’ हे तशाच दुसऱ्या न्यायाधीशाचे नाव घेतले. परंतु नाव छळवाद्याचे असले, तरी त्यांचा आग्रह न्यायाचा होता. कोडे कितीही बिकट असो, सूचनेतला प्रत्येक शब्द उत्तराकडे नेणारा असला पाहिजे, अशी शिस्त त्यांनी घातली. तारबाबूंना ही हकिकत पाठ आहे. शिवाय १९४२ सालची आणखी एक. लंडनमधील ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडविण्याची एक स्पर्धा घेतली आणि त्यात उतरलेल्या काही जणांना पुढे शत्रूच्या सांकेतिक संदेशांची उकल करण्याच्या गुप्त कामावर बोलावणे आले. “सोपी कोडी सोडवणाऱ्यांना कोणी बोलावले का?” असे विचारून तारबाबू चष्मा पुसू लागतात. भाऊ शांतपणे उत्तर देतात, “आपल्याला कोण बोलावणार हाय, तारबाबू? आपल्याला घरून जेवायलाच बोलावतात.”

मी या दोघांच्या मधला. मधला म्हणजे मध्यस्थ नव्हे. मी स्वतः कोडी रचीत आलो आहे, आणि कोडे रचणाऱ्याची अडचण सोडविणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

इंग्रजीत सारी सव्वीस अक्षरे. एका चौकोनात एक बसविले की झाले. आडवा शब्द आणि उभा शब्द एकमेकांना सहज हात देतात. आपल्या मराठीत चौकोनात मावते ते काना, मात्रा, वेलांटीसह संपूर्ण अक्षर. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर अक्षरे होतात, जोडाक्षरे निराळीच. ‘की’ या चौकोनातून जाणाऱ्या उभ्या शब्दातही ‘की’च पाहिजे, ‘कि’ चालत नाही. त्यामुळे मराठी कोड्यात काळे चौकोन अधिक आणि शब्दांच्या गाठीभेटी थोड्या. गाठीभेटी थोड्या, म्हणून आधारही थोडा. इंग्रजी कोड्यात सूचना उमगली नाही, तरी आजूबाजूचे शब्द अर्धे उत्तर हाती देतात. मराठीत तसे होतेच असे नाही. म्हणून मराठी कोडे मला वाटते थोडे उदार असावे लागते. त्यात आणखी शुद्धलेखनाची भर! १९६२ साली नवे नियम आले आणि ‘नांव’ वरचे अनुच्चारित टिंब गेले. त्यापूर्वीचे एखादे जुने कोडे हाती पडले, तर आजचा मुलगा ‘नाव’ लिहील आणि आपले कोठे चुकले ते त्याला कळणार नाही.

मी पहिल्यांदा कोडे रचावयास बसलो, तेव्हा साहजिकच आपल्या गावाचे नाव आधी मांडले. क, न्हा, न. झाले तीन चौकोन. परंतु मधल्या ‘न्हा’तून खाली काय न्यावे? न्हावी सुचला, न्हाणीघर सुचले. बराच वेळ डोके खाजवल्यावर एकदम ‘उन्हाळा’ सुचला, आणि त्याचेही ‘न्हा’ मधोमध! कन्हान आडवी, उन्हाळा उभा; आणि उन्हाळा तिला बरोबर मध्यावर छेदून जातो. एप्रिल-मे महिन्यांत जुन्या पुलावर उभे राहून ज्याने वाळूच्या विस्तारातली ती पाण्याची बारीक रेघ पाहिली आहे, त्याला या दोन शब्दांची गाठ पडल्याचे नवल वाटणार नाही. मला मात्र त्या दिवशी आपण काही मोठे काम केले असे वाटले होते.

कठीण कोड्याची गोडी मलाही आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. ‘उलटी वाहिली तर दरिद्री होते’, दोन चौकोन. उत्तर ‘नदी’, कारण ती उलटी वाचली की ‘दीन’. ‘उलटसुलट तेच, तरी जुने नव्हे’, तीन चौकोन, उत्तर ‘नवीन’. अशी सूचना साधली की मी स्वतःवरच खूश होत असे. एकदा मी लिहिले, ‘आठवड्यातला दिवस हत्तीला जोडला की पंढरीला निघतो’, चार चौकोन. ‘वार’ म्हणजे दिवस, ‘करी’ म्हणजे हत्ती. दोहोंचा मिळून वारकरी. अलीकडे ही सूचना मी वाचनालयात सांगितली. तारबाबू ‘गज’, ‘कुंजर’, ‘हस्ती’ असे एकेक हत्ती सोडून पाहत बसले. भाऊंनी क्षणात उत्तर दिले.

“तुम्हांला ‘करी’ शब्द ठाऊक होता?” मी आश्चर्याने विचारले.

“नाही जी, गुरुजी. पंढरीला वारकरीच निघणार. हत्ती मागून आला.”

तारबाबू म्हणाले, हे सोडवणे नव्हे. भाऊ म्हणाले, पोचलो ना? त्या संध्याकाळी दिवे लागेपर्यंत दुसरा विषय निघाला नाही.

या वादाची मला खरी मौज वाटते ती आणखी एका कारणाने. आपल्याकडे हाच वाद फार जुना आहे. भट्टी नावाच्या कवीने रामकथेच्या निमित्ताने संस्कृत व्याकरण शिकविणारे एक महाकाव्य रचले. त्याच्या शेवटी तो अभिमानाने सांगतो, की हे काव्य टीकेवाचून कळणारे नाही. जाणत्यांचा यात उत्सव आहे आणि मंदबुद्धीचे यात मेले, कारण मला विद्वान प्रिय आहेत. आणि भामह नावाच्या काव्यशास्त्रकाराने जवळजवळ याच शब्दांत उलट खेद केला आहे: काव्येदेखील शास्त्रासारखी टीका वाचूनच कळू लागली, तर उत्सव केवळ बुद्धिमंतांचा, बाकीचे बिचारे मेलेच! दोघांच्या वाक्यांत फरक तो सुराचा. हे मी एकदा वाचनालयात सांगितले, तेव्हा तारबाबूंनी भट्टीला आणि भाऊंनी भामहाला आपल्या बाजूस ओढून घेतले. दंडी मात्र व्यवहारी माणूस. कोड्यांना तो ‘प्रहेलिका’ म्हणतो, त्यांचे सोळा प्रकार सांगतो, आणि त्यांचा उपयोगही सांगतो: खेळीमेळीच्या बैठकीत करमणूक, गर्दीत जाणत्यांनी गुप्तपणे बोलणे आणि दुसऱ्याला चकविणे. सदोष प्रहेलिकांचे वर्णन तो करीत नाही; दोष मोजून संपत नाहीत, असे म्हणून सोडून देतो.

दंडीने वर्णन न केलेल्या अशा एका सदोष कोड्याशी आमच्या घराचा संबंध आला होता. ती गोष्ट मी फारशी कोणाला सांगितलेली नाही.

माझे वडील एका कचेरीत कारकून होते. १९५० नंतरच्या त्या चार-पाच वर्षांत बक्षिसांच्या शब्दकोड्यांची देशभर लाट आली होती. प्रवेशपत्रिकेला थोडे पैसे आणि बक्षीस हजारोंचे. वडील दर आठवड्याला पत्रिका पाठवीत. प्रथम एक, मग चार, मग एकाच कोड्याच्या वीस-वीस पत्रिका! मला हे सारे आईकडून कळले, कारण माझा जन्म त्यानंतरचा. वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत मला त्या कोड्यांच्या कात्रणांचा एक गठ्ठा सापडला. मी तो उत्सुकतेने सोडवावयास बसलो, आणि पहिल्याच कात्रणापाशी थबकलो. त्या सूचनांचा नमुना सांगण्यासाठी मीच एक रचतो. ‘म्हातारपणी माणसाला हे हवे असते’, दोन चौकोन, शेवटचे अक्षर ‘न’. आता ‘धन’ लिहावे की ‘मान’? दोन्ही बसतात, दोन्ही खरे. बरोबर कोणते, ते कोडे काढणाऱ्याने आधीच पाकिटात बंद करून ठेवलेले. अशा दहा सूचना असल्या आणि प्रत्येकीला दोनच उत्तरे शक्य असली, तरी एक हजार चोवीस निरनिराळ्या पत्रिका होतात. वडील वीस पाठवीत होते. ते हिशेबाचे कारकून होते, तरी हा हिशेब त्यांनी मांडला नाही. किंवा मांडला असेल, मला ठाऊक नाही.

अखेरीस १९५५ साली संसदेने या स्पर्धांवर कायदा केला. महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देण्यास बंदी आली आणि एका स्पर्धेत दोन हजारांहून अधिक प्रवेशपत्रिका घेण्याची मनाई झाली. स्पर्धा चालविणारे सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती एक, आणि ज्यात नशिबाची सोडत असते ती दुसरी, असा भेद त्याने केला. दुसरीला व्यापाराचे संरक्षण नाही असे सांगितले. कायदा आला तेव्हा आमच्या घरी उशीर झालेला होता. आईची एकदाणी सराफाकडे गहाण पडली होती. ती परत आली नाही. आईने त्यानंतर गळ्यात काळ्या पोतीवाचून काही घातले नाही, आणि वडिलांनी वर्तमानपत्रातले कोड्याचे पान उघडले नाही. मी लहानपणी कोडे सोडवीत बसलो की ते उठून अंगणात जात.

म्हणून तारबाबू आणि भाऊ कठीण-सोप्याबद्दल भांडू लागले, की माझ्या मनात निराळाच प्रश्न येतो. वडिलांची ती कोडी कठीण होती की सोपी? शब्द तर अगदी सोपे होते. पहिलीतल्या मुलालाही यावेत असे. तरी ती सुटण्यासारखी नव्हती, कारण उत्तर सापडल्यावर ‘हेच ते’ अशी जी खूण मनाला पटते, तिला त्यांत जागाच नव्हती. वारकऱ्यात हत्ती सापडतो तेव्हा कोणी पाकीट उघडण्याची वाट पाहत नाही.

एवढे शहाणपण मला असूनही माझ्या हातून एकदा चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे.

१९९४ सालची गोष्ट. त्या वेळी मी एका शाळेत मुख्याध्यापक होतो. व्हरांड्यातल्या फळ्यावर मी दर सोमवारी कोडे लिहीत असे. मुलांनी मधल्या सुट्टीत येऊन खडूने चौकोन भरावेत, अशी योजना. प्रारंभी गर्दी होई. पुढे मला हत्ती-वारकऱ्यांचा नाद लागला, आणि फळा शनिवारपर्यंत कोराच राहू लागला. एक शिक्षक मला हळूच म्हणाले, “सर, जरा सोपे घाला.” मी हसलो. खरे सांगावयाचे तर तो कोरा फळा पाहून मला बरे वाटत होते.

तिसऱ्या आठवड्यात मी एक सूचना मुलांच्या सोयीसाठी म्हणून अगदी सरळ दिली: ‘बाहेर हिरवे, आत पांढरे किंवा गुलाबी, बियाच बिया असलेले फळ’, दोन चौकोन. उत्तर ‘पेरू’. त्याच्या ‘पे’मधून खाली ‘पेला’. मंगळवारी फळ्यापाशी गेलो तो काय, त्या दोन चौकोनांत कोणी तरी ‘जाम’ असे लिहिलेले! आणि चौकटीखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘पेला बसत नाही, पण जाम बरोबर आहे.’

मी अक्षर ओळखले. सातवीतली मुलगी होती. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सर्वांसमोर तिला पुढे बोलावले आणि विचारले, “पेला बसत नाही हे दिसत होते ना? मग आपले उत्तर चुकले असेल, असे मनात आले नाही?” ती खाली पाहत म्हणाली, “सर, आमच्याकडे जामच म्हणतात.” मुले हसली. मी ‘जाम’ पुसून ‘पेरू’ लिहिले आणि ‘पुस्तकातले शब्द शिका’ असे काहीसे बोललो. आता ते नेमके शब्द आठवत नाहीत. आठवू नयेत असेच ते असतील.

वास्तविक तिच्याकडेच काय, माझ्या स्वतःच्या घरीही जामच म्हणत. आई बाजारातून जाम आणी, कोथिंबिरीला सांबार म्हणे, आणि मी एम. ए. होईपर्यंत घरात कोणाचे काही अडले नव्हते. आमच्या वऱ्हाडा-नागपुराकडे कोड्याला आहणा म्हणत, कोकणात हुमाण म्हणत. जुन्या कोशात दोन्ही शब्द आहेत. हे मी वर्गात शिकविले होते. ती मुलगी दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये सापडली होती. फळाचे नाव खरे आणि पेलाही खरा. तिने दोन्ही पाहिल्या, आणि दोन्ही प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या. तीन आठवड्यांत माझ्या फळ्यापाशी विचार करून गेलेली ती एकटीच. त्या दिवसानंतर ती फळ्यापाशी दिसली नाही. मी पुढच्या सोमवारी सोपे कोडे लिहिले, गर्दी पुन्हा झाली. तीत ती नव्हती. तिला बोलावून चार शब्द बोलावेत असे मनात येई, परंतु मुख्याध्यापकाची खुर्ची मोठी आडमुठी असते. वर्ष संपले, तिचे कुटुंब दुसरीकडे गेले.

ही हकिकत मी मागच्या महिन्यात वाचनालयात प्रथमच सांगितली. तारबाबू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तारेतही असेच व्हायचे. गावाकडचा शब्द पुढच्या ठाण्यावरचा माणूस सुधारून पाठवी, आणि निरोप बिघडे.” भाऊ काहीच बोलले नाहीत. ग्रंथपालांनी मात्र दुसऱ्या दिवशी दाराशी एक काळा फळा लावला आणि माझ्या हाती खडू दिला.

पहिल्या कोड्यात मी कन्हान आडवी आणि उन्हाळा उभा घातला. कोपऱ्यात दोन चौकोन ठेवले आणि सूचना लिहिली, ‘पेरू, पण आपल्याकडचा’. तारबाबूंनी चष्म्यावरून पाहिले आणि फारच सोपे झाले म्हणून तक्रार केली. भाऊंना ते प्रथमच एकदम पसंत पडले. शाळा सुटल्यावर आलेल्या दोन पोरांनी उभ्या-उभ्याच ते भरले, मग पुसून ठेवले, कारण पाच वाजावयाचे होते. संध्याकाळी साताऱ्याकडून नुकतेच बदलून आलेले एक बँकेतले अधिकारी सदस्य होण्यासाठी आले. मोठे व्युत्पन्न गृहस्थ. त्यांनी हौसेने खडू उचलला, हां हां म्हणता सारे कोडे भरले, आणि त्या कोपऱ्यापाशी येऊन थांबले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. भाऊ खिडकीतून नदीकडे पाहत होते. “यात काही तरी गूढ श्लेष असला पाहिजे,” असे म्हणून ते गृहस्थ, उद्या पुन्हा येतो, असे सांगून गेले.